काम मागितल्याची तारीख

(सामुदायिक रेडिओच्या बचत गटांसाठीच्या कार्यक्रमात २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर दिलेलं भाषण)

  आजचा विषय आहे बेरोजगारी आणि ती कमी करण्यासाठी सरकारनं काय केलंय. विषय ऐकल्यावर वाटेल, हा शिकलेल्या पोरांचा विषय, नोकरीच्या अर्जाचा विषय. आपला काय संबंध? तेच आज बघायचंय.

आधी एक प्रश्न. तुमच्या गावात बेरोजगार बाया किती? उत्तर पटकन येत नाही. कारण आपण स्वतःला बेरोजगार म्हणत नाही. चार महिने खुरपणी, काढणी, वेचणी असते. बाकी आठ महिने हाताला पैशाचं काम नसतं, पण आपण रिकाम्या कुठं असतो? पाणी, सरपण, शेण, भाकरी, म्हातारी माणसं, लेकरं. कुणी विचारलं तर म्हणतो, "घरीच असते." सरकारी पाहणीतही बेरोजगार कुणाला धरतात? जो काम करत नाही, पण काम शोधतोय, करायला तयार आहे, त्याला. "घरकाम करते" म्हणून जिची नोंद झाली ती बेरोजगारांत मोजलीच जात नाही. म्हणजे काम हवंय, पण कुठं तसं लिहिलेलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आजचं सगळं बोलणं तिच्याभोवतीच आहे.

सरकारच्या योजना खूप आहेत. धंद्याला कर्ज देणाऱ्या आहेत. आरसेटीसारख्या संस्थांत ग्रामीण तरुण-तरुणींना फुकट प्रशिक्षण मिळतं. उमेद अभियानातून आपले गट उभे राहिले. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण त्यात बँकेनं कर्ज मंजूर करावं लागतं, प्रशिक्षणाच्या तुकडीत जागा मिळावी लागते. मिळालं तर मिळालं. एकच व्यवस्था अशी आहे की जिथं कायदा म्हणतो, तुम्ही मागा, आम्हाला द्यावंच लागेल. ती म्हणजे रोजगार हमी. आणि मैत्रिणींनो, तिचा जन्म आपल्याच महाराष्ट्रात झालाय.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मूळ सांगली जिल्ह्याचे. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या भागात त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला. कल्पना साधी होती. ज्याला काम हवंय त्याला गावाजवळ काम द्यायचं, आणि त्या कामातून बांध, पाझर तलाव, रस्ते असं कायम टिकणारं काहीतरी उभं करायचं. असं सांगतात की पागेंनी आधी आपल्या पत्नीलाच विचारलं होतं, की अमुक इतके पैसे दिले तर आपल्या शेतावर किती माणसांना किती दिवस काम देता येईल? त्यांनी घरच्या हिशेबानं उत्तर दिलं, आणि त्यावरून पागेंना योजनेचा अंदाज आला. घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब असा राज्याच्या कामी आला.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. तुमच्या सासूबाईंना, आजींना विचारा. खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या, लाल मिलोची भाकरी बघितलेल्या बाया अजून गावोगाव आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या. त्या दुष्काळानं एक गोष्ट उघडी पडली. पाऊस गेला की गावात अन्न नसतं असं नाही, ते विकत घ्यायला मजुरी नसते.

मग १९७७ मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणला? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून, व्यापाऱ्याकडून जो व्यवसाय कर कापतात, तो यासाठी लावला, आणि तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घातली. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारातला वाटा गावच्या बांधावर आला. ही भीक नव्हती. मजुरांनी त्या पैशाच्या बदल्यात तलाव खोदले, रस्ते केले, जमिनी सारख्या केल्या.

हाच विचार पुढे देशानं उचलला. २००५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सगळ्या ग्रामीण भागात लागू झाला. नंतर त्याला महात्मा गांधींचं नाव दिलं. आपण त्याला मनरेगा म्हणतो, नाहीतर नुसतं "हमीचं काम".

आता हा कायदा २०२४ मध्ये काय देत होता ते नीट ऐका. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

खेड्यात राहणाऱ्या, अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या कुठल्याही कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम. महाराष्ट्रात १०० दिवसांच्या पुढंही काम मागता यायचं, त्याचा खर्च राज्य सरकार करायचं. कामावर निदान एक तृतीयांश बाया हव्यात. बाई आणि पुरुष यांची मजुरी सारखी. काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत. त्याहून लांब दिलं तर मजुरीवर १० टक्के जास्त. कामाच्या जागी प्यायचं पाणी, सावली आणि औषधाची पेटी हवी. पाच किंवा जास्त लहान लेकरं कामावर आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही तेवढीच मजुरी द्यायची. ठेकेदार नेमायचा नाही. मजुरांच्या हातचं काम यंत्रानं करायचं नाही.

२०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. १०० दिवसांचे झाले २९,७०० रुपये. हा दर पूर्ण मोजमापाच्या कामाचा होता. चर किती लांब, किती खोल, किती माती निघाली, हे मोजून पैसे निघतात. म्हणून काम सुरू होताना विचारून घ्या, "एका दिवसाचं माप किती?" आणि आठवड्याच्या शेवटी मोजणी होते तेव्हा गटातली एक तरी बाई तिथं उभी राहू द्या.

मग इतका चांगला कायदा असताना आपल्या गावात काम का नाही? हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं. याला बरीच कारणं आहेत, पण एक आपल्या हातातलं आहे. हा कायदा आपोआप चालत नाही. तो मागणीवर चालतो. आणि मागणी म्हणजे लेखी मागणी.

काय होतं बघा. चौघीजणी ग्रामपंचायतीत जातात. ग्रामरोजगार सेवक भेटला तर त्याला म्हणतात, "भाऊ, काही काम निघालंय का?" तो म्हणतो, "सध्या नाही, निघालं की सांगतो." चौघी घरी येतात. आता कागदावर काय लिहिलं गेलं? काहीच नाही. तालुक्याला माहिती जाते, या गावातून मागणी शून्य. जिल्ह्याला जाते, मागणी शून्य. मग वर कुणीतरी म्हणतं, "खेड्यात आता कामाची गरज उरली नाही." आपण ज्या पाहणीत "घरी असते" म्हणून गळून पडलो, तसंच इथंही गळून पडलो.

आता तेच दुसऱ्या पद्धतीनं करू. त्याच चौघी जातात. हातात नमुना ४ आहे. हा काम मागणीचा अर्ज. तो ग्रामपंचायतीत मिळतो, नाही मिळाला तर साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. नाव, जॉबकार्ड नंबर, किती दिवस काम हवं आणि कोणत्या तारखेपासून हवं, एवढंच लिहायचं. एका अर्जात निदान १४ दिवसांचं सलग काम मागायचं. सही किंवा अंगठा करायचा. आणि मग सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, तारीख घातलेली पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

ही तारीख एवढी महत्त्वाची का? कारण त्या दिवसापासून सरकारचे १५ दिवस सुरू होतात. पुढच्या तारखेपासून काम मागितलं असेल, तर त्या तारखेपासून मोजायचे. त्या १५ दिवसांत काम दिलं नाही, तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो. पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव हिश्शानं, म्हणजे २०२४-२५ च्या दरानं दिवसाला सुमारे ७४ रुपये. त्यानंतर निदान निम्म्यानं, म्हणजे सुमारे १४८ रुपये. हे पैसे राज्य सरकारला आपल्या खिशातून भरावे लागतात. म्हणून कुणालाच भत्ता द्यायची वेळ यावी असं वाटत नाही. तारीख घातलेली पोच दिसली की काम निघायची शक्यता वाढते. आणि म्हणूनच कधी कधी पोच द्यायला टाळाटाळ होते. "अर्ज ठेवून जा, पोच कशाला लागते?" असं कुणी म्हणालं तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "भाऊ, काम नसलं तरी अर्ज घ्यायला हरकत नाही ना? तारीख घाला आणि सही करा, आम्ही बसतो."

एकटीनं बोलणं अवघड जातं. सून असेल तर गावात मोठ्यांसमोर आवाज निघत नाही. इथं आपला गट कामाला येतो. गटात दहा-बारा बाया असतात, आणि नवं काम काढायला निदान दहा मजूर तयार असावे लागतात. म्हणजे एक बचत गट मिळून गेला तर एका कामाचे मजूर तयार झाले. दहा अर्ज एकाच दिवशी, एकाच तारखेचे, एकाच वेळी द्या. सगळ्या पोचपावत्या गटाच्या फाईलमध्ये लावा. आपण बचतीचं रजिस्टर जपतो ना, तसंच काम मागणीचं एक पान ठेवा. त्यावर कुणी कधी मागितलं, काम कधी मिळालं, मजुरी कधी जमा झाली, एवढे तीन रकाने पुरेत.

आता नेहमीच्या अडचणी घेऊ.

पहिली अडचण जॉबकार्डाची. ते फुकट मिळतं, त्याला पैसे द्यायचे नाहीत. ते ज्याचं त्याच्या घरी असलं पाहिजे. सेवकाच्या किंवा मुकादमाच्या पिशवीत नाही. त्यावर घरातल्या सगळ्या काम करणाऱ्यांची नावं असावीत. बऱ्याच घरांत कार्डावर नवऱ्याचं नाव असतं, सुनेचं नसतं. नाव घालून घ्या. विधवा, टाकलेली, एकटी राहणारी बाई जर वेगळी चूल मांडून राहत असेल, तर तिनं आपल्या नावानं वेगळ्या जॉबकार्डासाठी अर्ज करावा.

दुसरी अडचण पैशाची. मजुरी ज्या बाईनं काम केलं तिच्याच खात्यावर यावी. २०२४ च्या १ जानेवारीपासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच पैसे जमा होतात. जॉबकार्डावरचं नाव एक, आधारवरचं दुसरं, माहेरचं आडनाव इथं, सासरचं तिथं, असं असलं की पैसे अडकतात. काम मागायच्या आधी बँकेत जाऊन खातं आधारला जोडलंय का ते विचारा, आणि ग्रामपंचायतीत जॉबकार्ड जोडलंय का ते बघा.

तिसरी अडचण हजेरीची. आता हजेरी मोबाइलवर लागते. दिवसातून दोन वेळा फोटो काढतात. फोटो चढला नाही तर दिवस बुडतो. रेंज नसेल, फोन बंद असेल, तर त्याच दिवशी सांगा, आठ दिवसांनी नाही. आणि आपली हजेरी जॉबकार्डावरही लिहून घ्या.

चौथी अडचण उशिराची. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी जमा झाली पाहिजे. सोळाव्या दिवसापासून उशिराची भरपाई मिळते, दिवसाला थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के. हिशेब करून बघा. २०२४-२५ च्या दरानं सहा दिवसांची पूर्ण मजुरी १,७८२ रुपये. त्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई होते सुमारे ८९ पैसे. एवढ्यानं किराणा येत नाही. पण ती मागितली की उशीर झाला हे कागदावर चढतं, म्हणून मागायची.

काम नाही, पोच नाही, पैसे नाहीत, तर कुठं जायचं? तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत रोजगार हमीचा विभाग असतो. तिथं लेखी तक्रार द्या आणि तिचीही पोच घ्या. कायदा म्हणतो, तक्रार वहीत नोंदवून सात दिवसांत निकाली काढायची. २०२४ मध्ये कायदा मोडणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती.

आता एक कठीण गोष्ट बोलायची आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या बायांना ती सांगायला नको. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. लग्न असतं, आजारपण असतं, जुनं देणं असतं. उचल घेतली की दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या फडावर जायचं. सहा महिने पालात. पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. खाडा केला तर पैसे कापतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. गावात काम नसण्याची किंमत बाईचं शरीर किती मोजतं, ते या आकड्यात आहे.

रोजगार हमीनं हे सगळं थांबेल असं मी सांगणार नाही. उचल एकरकमी मिळते, हमीची मजुरी आठवड्या-आठवड्यानं मिळते, आणि कधी कधी महिनाभर अडकते. ज्याला आज दवाखान्यात पन्नास हजार भरायचेत त्याला ही मजुरी पुरत नाही. हे खरं आहे. पण ज्या घरात एकीला तरी मागं राहायचंय, जिला लेकीची शाळा मोडायची नाही, जिचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून सासू-नणंद गावात थांबणार आहे, त्या घराला गावात मिळणारी मजुरी आधार देते. पण ती उचलीच्या आधी दिसायला हवी. अर्ज पुढच्या तारखेचाही देता येतो. म्हणून दिवाळीनंतर काम हवं असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अर्ज द्या आणि पोच हातात ठेवा.

त्यासाठी गावात काम मंजूर असायला हवं. कोणती कामं काढायची हे ग्रामसभेत ठरतं. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या कामांचा आराखडा मांडला जातो. त्या सभेत आपण नसलो, तर जे तिथं असतात त्यांच्या सोयीची कामं यादीत जातात. आपल्याला काय हवंय ते आधी गटात ठरवा. ओढ्यावर बांध हवा? डोंगरावर सलग समतल चर हवेत? रोपवाटिका हवी? झाडं लावायची आणि जगवायची? आपल्या शेतातही कामं होतात. सिंचन विहीर, शेततळं, फळबाग, गोठा, शोषखड्डा. मागास जाती-जमाती, भटके-विमुक्त, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं आणि जिथं बाईच कर्ती आहे असं घर, यांचा त्यात आधी विचार करायचा आहे. एकल बायांनो, हे तुमच्यासाठी आहे. आंब्याची, सीताफळाची बाग लावायची मजुरी तुम्हालाच मिळेल आणि पुढे झाडंही तुमचीच राहतील. जमीन मात्र तुमच्या नावावर असावी लागेल. सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं असेल, तर ते कामही याच वर्षी हातात घ्या.

या कामांकडे नुसती मजुरी म्हणून बघू नका. आज चर खोदला, तर दोन-तीन पावसाळ्यांत विहिरीला पाणी जरा जास्त दिवस टिकतं. पाणी टिकलं की रब्बी होते. रब्बी झाली की खुरपणीची मजुरी गावातच मिळते. पागेंच्या प्रयोगात हेच होतं. आजच्या कामातून उद्याचं काम तयार झालं पाहिजे. म्हणून नुसता खड्डा काढून बुजवायचं काम कुणी सुचवलं तर ग्रामसभेत विचारा, "यातून गावाला काय मिळणार?" आणि दर सहा महिन्यांनी सामाजिक अंकेक्षण व्हायला हवं, म्हणजे कुणाच्या नावावर किती दिवस लागले आणि किती पैसे निघाले हे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं. त्या दिवशी कामावर न आलेल्यांची नावं ऐकू आली, तर तिथंच उठून सांगा.

बेरोजगारीवर धोरणं दिल्लीत आणि मुंबईत ठरतात. पैसे किती द्यायचे, दर काय ठेवायचा, नियम कसे करायचे, ते आपल्या हातात नाही. पण आपल्या गावातून किती जणींनी काम मागितलं, हा आकडा आपल्या हातात आहे. वरची माणसं तोच आकडा बघतात. तो शून्य ठेवायचा नाही.

तर येत्या गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली की उठू नका. तीन कामं करा. सगळ्यांची जॉबकार्डं समोर ठेवून नावं तपासा. कुणाचं खातं आधारला जोडायचं राहिलंय ते लिहून घ्या. आणि ज्यांना काम हवंय त्यांचे नमुना ४ तिथंच भरून, दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत जा. जिला लिहिता येत नाही तिचा अर्ज शेजारणीनं भरावा. येताना पोच घेऊन या, आणि तिच्यावर तारीख आहे की नाही ते दारातच बघा.